चिमूटभर कूट

मिरजेत अच्युतराव नरगुंद्यांच्या हातच्या काकडीच्या कोशिंबिरीचं बरंच कौतुक होत असे, आणि ते ऐकायला अच्युतराव नेहमी हजर असत. वीज खात्यातून निवृत्त झालेला माणूस बायको गेल्यावर कमरेला पंचा खोचून स्वयंपाकघरात शिरला आणि नोकरी करणाऱ्या सुनेला रोज गरम जेवण वाढू लागला, ही गोष्ट लोकांना आवडायची. कुणी ती काढली नाही, तर अच्युतराव स्वतःच गप्पा हळूच त्या वळणावर आणून सोडत.

त्या सकाळी डॉक्टर शबाना बागवान यांच्या खोलीतही त्यांनी तेच केलं. सून ऋजुता तपासणीला आली होती. मुलगा तन्मय नोकरीसाठी जामनगरला, म्हणून सोबतीला सासरे.

"संध्याकाळचा स्वयंपाक सगळा माझ्याकडे असतो हं, डॉक्टर," ते म्हणाले. "हिला मी हात लावू देत नाही."

डॉक्टरांनी ऋजुताच्या डाव्या दंडावरून स्कॅनर फिरवला, पडद्याकडे पाहिलं आणि पुन्हा एकदा फिरवला.

"एकोणीस," त्या म्हणाल्या. "शंभरातले फक्त एकोणीस उरलेत, ऋजुता. तीन वर्षांत."

"आणि किती असायला हवे होते?" अच्युतरावांनी विचारलं.

"नव्वदच्या खाली यायलाच नको होते."

ऋजुताला शेंगदाण्याची ॲलर्जी होती. आवडनिवड नव्हे, खरीखुरी. सहा वर्षांची असताना मैत्रिणीच्या वाढदिवसाला चिक्कीचा एवढासा तुकडा तोंडात टाकला आणि पोरीचा घसा सुजून श्वास बंद पडायची वेळ आली होती. अशा माणसांच्या शरीराची रक्षणव्यवस्था दाण्यातल्या एका निरुपद्रवी प्रथिनाला शत्रू समजून बसते. त्या प्रथिनासाठी बनवलेली प्रतिपिंडं मास्ट नावाच्या पेशींच्या अंगावर बसून वाटच बघत असतात. प्रथिनाचा कण आला आणि दोन प्रतिपिंडांना एकदम चिकटला, की घंटेचं बटण दाबल्यासारखं होतं. पेशी पोटातली सगळी रसायनं एका दमात ओकून टाकतात, मग अंगावर गांधी उठतात, घसा आवळतो, रक्तदाब कोसळतो.

यावर अलीकडे उपाय निघाला होता. तांदळाच्या दाण्याएवढी एक कुपी दंडाच्या कातडीखाली बसवायची. लोक तिला पहारेकरी म्हणत. ज्याची कुपी त्याच्याच पेशींपासून बनवलेले रेणू तिच्यात भरलेले असत. रक्तात दाण्याचं प्रथिन दिसलं, की पहारेकरी मोजून तेवढेच रेणू सोडायचा, ते एकेका कणाला गुंडाळून टाकायचे आणि घंटेचं बटण दाबलंच जायचं नाही. अडचण एकच होती. एकदा वापरलेला रेणू संपला तो संपला. आणि कुपी पुन्हा भरता येत नव्हती, कारण काही वर्षांत शरीर तिला ओळखू लागायचं आणि दुसरी बसवली तर तिच्यावरच तुटून पडायचं. तेव्हा आयुष्यात एकदाच. कुणाचा चमचा चुकून लागला, हॉटेलातलं तेल दाण्याचं निघालं, असल्या अपघातांना जन्मभर पुरेल एवढा साठा तिच्यात असायचा.

"हेल्मेट घातलं म्हणून कुणी रोज भिंतीवर डोकं आपटत नाही," डॉक्टर म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता, पण त्या रागावल्या होत्या. "तुमचं जहाज कधी निघतंय?"

"पुढच्या महिन्यात," ऋजुता म्हणाली.

ऋजुता सांगलीच्या एका कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवत होती. दक्षिण महासागराच्या तळाचा अभ्यास करायला पाच महिन्यांसाठी निघणाऱ्या जहाजावर तिची निवड झाली होती. याआधी दोनदा निवड होऊनही ॲलर्जीमुळे तिला नाकारलं होतं. जिथून सगळ्यात जवळचं इस्पितळ आठवड्याच्या अंतरावर, तिथे असा माणूस कोण नेणार? पहारेकरी तिनं बसवून घेतला होता तो या जहाजासाठीच.

"नियम पन्नासचा आहे," डॉक्टर म्हणाल्या. "पण त्याला एक अपवाद आहे. साठा कशामुळे संपला ते नक्की कळलं आणि ते कारण थांबलं असं मी लिहून दिलं, तर जहाजावरचे डॉक्टर जबाबदारी घेऊ शकतात. म्हणून मला खरं कारण हवंय. इथे दिसतंय बघा, जवळजवळ सगळा खर्च रात्री आठ ते नऊ. आणि रविवारी दुपारी. बाहेर कुठे जेवता?"

"कॉलेजच्या कँटीनमध्ये," ऋजुता म्हणाली.

"रात्री साडेआठला?"

"संध्याकाळच्या वर्गांना कधी कधी उशीर होतो."

ऋजुता रोज सहाच्या आत घरी येत होती. रात्री साडेआठला ती कुठे असते, हे त्या खोलीत दोनच माणसांना ठाऊक होतं आणि त्यातलं एक माणूस शांत चेहऱ्यानं खोटं बोलत होतं. ते आपल्यासाठी बोलत होतं, हे कळायला अच्युतरावांना वेळ लागला नाही. जमिनीनं पोटात घ्यावं असं लोक म्हणतात, ते त्यांना पहिल्यांदाच खरोखर वाटलं.

कुमुद होती तोवर हे घर वेगळं होतं. कुमुद म्हणजे अच्युतरावांची बायको. दाण्याचं कूट लाल झाकणाच्या डब्यात, डबा सगळ्यात वरच्या फळीवर. मिक्सरची भांडी दोन, कुटाच्या भांड्याला ओळखू यावं म्हणून दोरा बांधलेला. ऋजुतापुरतं आधी बाजूला काढायचं आणि मग बाकीच्यात कूट घालायचं, हा तिचा शिरस्ता. आता मराठी घरात कूट न घालता रांधायचं म्हणजे काय, हे ज्याचं त्याला माहीत. कोशिंबिरीत कूट, भरल्या वांग्यात कूट, पालेभाजीला कूट, आणि उपास असला तर दाण्याशिवाय पानच वाढता येत नाही. अच्युतराव कुरकुरायचे. "आमच्या वेळी नव्हत्या कुणाला ॲलर्ज्या," म्हणायचे. कुमुद ऐकून न ऐकल्यासारखं करायची आणि कूट वरच्या फळीवर ठेवून द्यायची.

मग कुमुद गेली. अच्युतराव भिंतीकडे तोंड करून महिनोन् महिने पडून राहिले. दाढी नाही, पेपर नाही, कट्टा नाही. ऋजुता ताट आणून ठेवायची आणि बरंचसं तसंच उचलून न्यायची. एका संध्याकाळी मात्र ते कसे कोण जाणे उठले आणि ओट्यापाशी जाऊन उभे राहिले. काकडी बारीक कोचवली. दही, मीठ, साखर, हिरव्या मिरचीची फोडणी, आणि जन्मभर बघितल्याप्रमाणे वरून दोन चमचे कूट. कॉलेजातून आलेली ऋजुता त्यांना ओट्यापाशी बघून दारातच थांबली. तिचे डोळे भरून आले होते. जेवताना ती म्हणाली, "बाबा, अगदी आईंच्या हातची झालीय." त्यांनी आग्रह केला, तिनं आणखी घेतली. डबे आवरताना लाल झाकण हाती लागलं तेव्हा त्यांना आठवलं. धावत बाहेर आले तर ती खुर्चीत वाचत बसली होती. नुसता डावा दंड चोळत होती.

ते पहिलं विसरणं मात्र खरं होतं. अच्युतरावांची बाजू घ्यायचीच म्हटली तर एवढीच घेता येते.

दुसऱ्या वेळी त्यांनी चिमूटभर कूट मुद्दाम घातलं. बघू तरी, काय होतं. ती दंड चोळू लागली. तिसऱ्या दिवशी घातलं नाही, तिनं चोळला नाही. माणूस इंजिनीअर होता. पहारेकरी कामाला लागला की दंड कोमट होतो हे ताडायला त्यांना चार जेवणं पुरली. म्हणजे ॲलर्जी खरी होती, सोंग नव्हतं, हे त्या आठवड्यातच त्यांना कळलं होतं. आणि कळल्यावरही ते घालत राहिले.

का, असं कुणी विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं, यंत्र आहे की! ते कशाला बसवलंय मग? पण आतलं कारण निराळं होतं. कुटाशिवाय कोशिंबीर कुमुदची होत नव्हती, आणि कुमुदची झाली नाही तर ऋजुता 'अगदी आईंच्या हातची' म्हणत नव्हती. ते वाक्य ऐकायची त्यांना चटक लागली होती. शिवाय कुमुदशी जन्मभर घातलेला एक वाद ती गेल्यावर का होईना आपण जिंकलो, अशी एक क्षुद्र गुदगुली होती. तीही होतीच.

आणि ते नुसते गप्पही बसले नव्हते. तळ्याकाठच्या कट्ट्यावर बापू मगदुमानं एकदा विचारलं होतं, "आरं अच्युता, तुझी सून शेंगा खात न्हवती न्हवं?"

"खाते की आता सगळं," अच्युतराव म्हणाले होते. "नुसते लाड होते रे. कुमुदनं फार डोक्यावर चढवून ठेवलं होतं."

कट्टा हसला होता. रिक्षातून परतताना अच्युतरावांना डॉक्टरांच्या आकड्यापेक्षा ते हसणंच जास्त ऐकू येत होतं. शेजारी ऋजुता बाहेर बघत बसली होती.

त्या संध्याकाळी त्यांनी नुसता वरणभात केला. ती जेवली, ताटं उचलली, मग परत येऊन त्यांच्यासमोर बसली.

"बाबा, एक विचारू? वाईट वाटून घेऊ नका."

"विचार."

"कूट घातलंय हे तुमच्या लक्षात राहत नाही ना?" तिनं फार जपून विचारलं. "आईंची सवय हातात बसलीय तुमच्या. मला दंड तापला की कळायचं. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. पण तुम्ही इतक्या महिन्यांनी उठून उभे राहिला होता. त्या दिवशी माझ्यानं बोलवलं नाही, आणि मग दर वेळी ते आणखी अवघड होत गेलं. एवढा साठा गेला असेल असं वाटलं नव्हतं हो. तो मोजायला दवाखान्यातच जावं लागतं."

अच्युतराव तिच्याकडे बघत राहिले. ती माफी मागत होती. त्यांची.

"हो," ते म्हणाले. "विसरायला होतं खरं हल्ली."

एवढं सोपं होतं ते. तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला आणि तिनं त्यांच्या खांद्यावर हलकेच थोपटलं. अच्युतराव उठून बेसिनपाशी गेले, चूळ भरली, आणि समोरच्या आरशात बघायचं टाळून बाहेर आले.

पण एकदा बोललेली गोष्ट घरात स्वस्थ बसत नाही. ऋजुतानं डॉक्टरांना कारण कळवलं आणि तन्मयला फोन केला. दुसऱ्या दिवशी तन्मय भिंतीवरच्या पडद्यावर आला, आणि त्याच्या आवाजात लहान मुलाशी बोलताना येतो तसला गोडवा होता.

"बाबा, आज वार कोणता?"

"गुरुवार," अच्युतराव म्हणाले. "का रे?"

"सहज. छान! अगदी बरोबर!"

पोटच्या पोरानं वार ओळखल्याबद्दल शाबासकी दिली. अच्युतरावांनी ती घेतली, करतात काय. संध्याकाळी ते आमटी टाकायला गेले तर शेगडी पेटेना. तन्मयनं जामनगरात बसून तिला कुलूप घातलं होतं. "आजोबा, मदतीसाठी घरातल्या मोठ्या माणसाला बोलवा," शेगडी मधाळ आवाजात म्हणाली. घरातला मोठा माणूस हातात डाळीचं पातेलं घेऊन तसाच उभा राहिला.

तरी ते गप्पच राहिले. खरं सांगायचं तर शेगडीचा अपमान त्यांना कबुलीपेक्षा स्वस्त वाटत होता. बाबा विसरतात, हे ऐकून लोक हळहळतात. बाबांनी मुद्दाम घातलं, हे ऐकून लोक काय करतील याचा विचारही त्यांना करवत नव्हता. निदान पोर जहाजावर जाईल, ते मनाशी म्हणत. डॉक्टरांना कारण हवं होतं, ते मिळालं. तिकडे काही माझ्या हातचं खायचं नाहीये तिला. म्हणजे कुणाचंच काही बिघडलं नाही.

रविवारी दुपारी ते पाणी प्यायला उठले तेव्हा ऋजुताच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. जहाजासाठी आणलेले जाड लोकरी कपडे तिनं बॅगेतून काढून पलंगावर ठेवले होते आणि एकेक घडी कपाटात लावत होती. कानाला फोन होता.

"नाही सर, तब्येतीचं नाही. डॉक्टर सही करतील बहुतेक," ती सांगत होती. "सासऱ्यांना विसरायला होतंय. मिस्टर बाहेरगावी असतात. पाच महिने त्यांना एकटं टाकून कशी येऊ? हो, मला माहीत आहे, पुन्हा नाव लागणं अवघड आहे."

अच्युतराव पाणी न पिताच परतले. बिघडलं नाही म्हणता म्हणता सगळंच बिघडलं होतं. तिचा जन्माचा साठा त्यांनी संपवला होता, आणि आता तो लपवण्यासाठी काढलेल्या निमित्तानं तिचं जहाजही जात होतं. सांगायला हवं होतं. ते तिच्या दारापर्यंत गेलेही. "ऋजुता," अशी हाक मारली. ती वळली आणि हसून म्हणाली, "काही हवंय का, बाबा? पाणी? विसरलात का प्यायला?" पाणी, ते म्हणाले. आणि तिनं आणून दिलेलं सगळं प्यायले.

स्मरणशक्तीची प्राथमिक चाचणी डॉक्टर बागवानच घेणार होत्या. दवाखान्यात जाईपर्यंत अच्युतरावांच्या मनात एक योजना तयार झाली होती, आणि ती लिहितानाही लाज वाटते. चाचणीत मुद्दाम चुकायचं, अशी ती योजना होती. हुशार निघालो तर प्रश्न उभा राहील, की मग कूट कोण घालत होतं? त्यापेक्षा वेडं ठरलेलं बरं. जहाजाचं पुढे बघता येईल. तन्मयला बोलावून घेऊ, मी कुठेतरी राहीन, काहीतरी होईल. भ्यायलेला माणूस असाच विचार करतो.

"तीन शब्द सांगते, अच्युतराव," डॉक्टर म्हणाल्या. "पेरू, खुर्ची, नदी. थोड्या वेळानं विचारीन."

मग त्यांनी घड्याळ काढायला लावलं, उलटे आकडे म्हणायला लावले. अच्युतरावांनी घड्याळाचे काटे वाकडे काढले. आकड्यांत दोनदा अडखळले. शेजारी बसलेल्या ऋजुताचा चेहरा उतरत चालला होता.

"आता ते तीन शब्द सांगा."

"पेरू," अच्युतराव म्हणाले आणि थांबले. "पुढचं नाही आठवत."

ऋजुतानं त्यांच्या हातावर हात ठेवला. तिच्या दंडावर, बाहीच्या खाली, कुपीचा बारीकसा उंचवटा दिसत होता. अच्युतरावांची नजर तिथे गेली आणि तिथून हलेना.

"बरं, असू दे," डॉक्टर समजुतीनं म्हणाल्या. "काल संध्याकाळी काय जेवलात, ते आठवतंय?"

"मुगाची खिचडी," अच्युतराव म्हणाले. "ऋजुतानं केली होती. मला शेगडी पेटवता येत नाही, तन्मयनं कुलूप लावलंय." त्यांनी तिच्या हाताखालून आपला हात काढून घेतला. "त्याच्या आधीचं विचारा ना, डॉक्टर. सगळं आठवतं. गौरीच्या जेवणात पडवळाची कोशिंबीर होती, तिच्यात कूट मी घातलं होतं. संक्रांतीच्या भोगीच्या भाजीत घातलं. ती पहिल्यांदा जहाजाची बातमी घेऊन आली त्या दिवशी भरली वांगी केली, त्यात दाटपणा यावा म्हणून मूठभर घातलं. ती दंड चोळायला लागली की मला कळायचं, लागलं म्हणून. कुमुदच्या पहिल्या वर्षश्राद्धाला पंगत होती. तेव्हा मी हिच्या पानात दोनदा कोशिंबीर वाढली. श्राद्धाच्या पानात टाकायचं नसतं म्हणून आग्रह केला."

डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"पहिल्यांदा विसरलो होतो," अच्युतराव म्हणाले. "एकदाच. त्यानंतर एकदाही नाही. मला ठाऊक होतं ही ढोंग करत नाही. तरी घालत राहिलो. कट्ट्यावर जाऊन सांगितलं, नुसते लाड आहेत म्हणून." "पेरू, खुर्ची, नदी. मी काही विसरलेलो नाही."

डॉक्टर बागवान खाली टेबलाकडे बघत होत्या.

"मला वाटायचं तुम्हाला माहीत नाही," ऋजुता म्हणाली. "म्हणून मी खात होते."

तिचा आवाज साधा होता, चिडलेला नव्हता. चिडली असती तर अच्युतरावांना कुठेतरी आधार मिळाला असता.

"श्राद्धाच्या दिवशी घसासुद्धा आवळला होता माझा," ती म्हणाली. "मी आत जाऊन पाणी पीत बसले. म्हटलं, आईंच्या आठवणीत त्यांच्या हातून झालंय, त्यांना कळलं तर जीव देतील."

अच्युतरावांनी मान खाली घातली. आता ती वर कधी करता येईल हे त्यांना कळत नव्हतं. ऋजुता उठली आणि दार लोटून बाहेर गेली.

"सही करते मी," डॉक्टर म्हणाल्या. "कारण कळलं. थांबलं असंही लिहू ना?"

"लिहा," अच्युतराव म्हणाले.

ऋजुतानं त्याच दिवशी जहाजाच्या लोकांना फोन करून येत असल्याचं कळवलं. तिची जागा अजून भरली गेली नव्हती. तन्मयला मात्र तिनं काही सांगितलं नाही. "ते तुम्ही सांगा," एवढंच अच्युतरावांना म्हणाली. त्यांनी सांगितलं. पडद्यावरच्या तन्मयच्या आवाजातला गोडवा कुठल्या कुठे गेला. तो बराच वेळ बोलला आणि त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. शेगडीचं कुलूप त्यानं काढलं. ते निघाल्यावर अच्युतरावांना शेगडीजवळ जावंसं वाटेना.

कट्ट्यावरही ते गेले. जायलाच हवं होतं, कारण तिथेही एक घाण त्यांनीच करून ठेवली होती. "लाड नव्हते ते," त्यांनी बापू मगदुमाला सांगितलं. "जिवाचा प्रश्न होता. मला माहीत असून मी खायला घालत होतो."

बापूनं त्यांच्याकडे डोळे बारीक करून पाहिलं. "आरं मग केलास कशाला असलं?" त्यानं विचारलं. कुणी हसलं नाही आणि कुणी समजूतही घातली नाही. विषय ऊसदरावर गेला आणि अच्युतराव जरा वेळानं उठून घरी आले. त्यानंतर त्यांच्या कोशिंबिरीचा विषय तिथे कुणी काढला नाही.

घरात ऋजुता आपलं स्वतः करून घेऊ लागली. बोलायची, हवं नको विचारायची, औषधाची आठवण करायची, सगळं पूर्वीसारखं. फक्त त्यांच्या हातचं खायची नाही. त्यांनी लाल झाकणाचा डबा टाकून दिला होता, मिक्सरचं दोरेवालं भांडंसुद्धा. तिनं ते पाहिलं आणि आपलं पातेलं शेगडीवर ठेवलं.

निघायच्या दिवशी सकाळी गाडी दाराशी आली. प्रवासाला निघणाऱ्याच्या हातावर दही घालायचं, ही या घरातली रीत. ती कुमुद करायची, ती गेल्यावर अच्युतराव करत आले होते. आज करावी की नाही याचा त्यांनी बराच विचार केला होता. शेवटी नव्या वाटीत दही काढलं, साखर घातली. चमचा उकळत्या पाण्यात घालून स्वच्छ फडक्यानं पुसला आणि ते उंबऱ्याशी येऊन उभे राहिले.

ऋजुता बॅग खांद्याला लावून आली. तिनं वाटीकडे पाहिलं. मग तिनं बॅगेचा कप्पा उघडला आणि आपला स्वतःचा चमचा बाहेर काढला.

"सवय लावून घेतेय, बाबा," ती म्हणाली. "जहाजावर असंच करायचंय."

पुन्हा एकदा तिनं त्यांना पळवाट काढून दिली होती. अच्युतरावांना ती ओळखीची वाटली.

"जहाजासाठी नाही," ते म्हणाले. "माझ्यामुळे. आणि बरोबर आहे तुझं. परत आल्यावरही असंच कर. मी कितीही आग्रह केला तरी."

तिनं पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग स्वतःच्या चमच्यानं वाटीतलं दही घेतलं, तळहातावर घातलं आणि खाल्लं. अच्युतराव नकळत तिच्या डाव्या दंडाकडे बघत होते. तिच्या ते लक्षात आलं. तिनं दंडाला हात लावून पाहिला.

"नाही तापला," ती म्हणाली. "येते."

गाडी कोपऱ्यावरून वळली. 'अजून थोडं घे,' हे शब्द मघाशीच अच्युतरावांच्या ओठांपर्यंत आले होते आणि त्यांनी ते गिळले होते. वाटीत दही बरंच उरलं होतं. ते घेऊन ते आत गेले.